कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या मुलाचा कान दुखू लागल्यास काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले यंत्र) झालेल्या मुलाला सर्दी होते, दोन दिवसांनी ताप चढतो, मूल कानाशी हात नेऊ लागते आणि मग बहुतेक घरांत एकसारख्याच गोष्टी घडतात. आजी कोमट तेलाची वाटी आणते, वडील इम्प्लांटचे बाहेर लावायचे मशीन काढून डब्यात ठेवतात आणि ‘उद्यापर्यंत पाहू’ असे ठरते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सर्दी, ताप, खोकला सांगितला जातो, पण इम्प्लांटचा उल्लेख राहून जातो, कारण मशीन घरी असते आणि केसांखालची खूण कोणाच्या नजरेस पडत नाही. या चारही गोष्टी चुकीच्या आहेत. श्रवण-वाचा उपचारांच्या कामात मी त्या इतक्या वेळा पाहिल्या आहेत की हा सगळा क्रम एकदा लिहून काढणे मला आवश्यक वाटले.

इतर मुलांच्या कानदुखीत डॉक्टर कधी कधी दोन-तीन दिवस वाट पाहतात आणि ते योग्यही असते. इम्प्लांट असलेल्या कानाच्या बाबतीत ही मुभा नाही. इम्प्लांटची इलेक्ट्रोडची तार कानामागील मॅस्टॉइड हाडातून निघते, मध्यकर्णातून जाते आणि कर्णशंखात, म्हणजे कॉक्लिआत, शिरते. मध्यकर्णात पू झाला तर जंतूंना या तारेच्या कडेने अंतर्कर्णाकडे आणि तेथून मेंदूच्या आवरणांकडे जाण्याची वाट मिळू शकते. शिवाय शस्त्रक्रियेत कानामागचे हाड कोरलेले असल्यामुळे तेथील पू त्वचेखाली लवकर येतो. बहुतेक मुलांमध्ये यातले काहीही होत नाही आणि वेळेवर दिलेल्या औषधाने कान पूर्ण बरा होतो. मात्र ‘वेळेवर’ या शब्दाचा अर्थ येथे त्याच दिवशी असा आहे.

टप्पा १ : मूल बरे असतानाची तयारी

सर्वांत मोठे काम लसीकरणाचे आहे. या मुलांमधील मेनिंजायटिसला, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या संसर्गाला, मुख्यतः न्यूमोकोकस हा जंतू कारणीभूत असतो. सरकारी वेळापत्रकात न्यूमोकोकसची पीसीव्ही लस ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वयांत दिली जाते. इम्प्लांट असलेल्या मुलासाठी हे अनेकदा पुरेसे नसते. वयाची २ वर्षे पूर्ण झाल्यावर, पीसीव्हीच्या शेवटच्या मात्रेनंतर किमान ८ आठवड्यांनी, जंतूच्या २३ प्रकारांविरुद्धची वेगळी लस देण्याची शिफारस आहे. ती सरकारी तक्त्यात नसल्यामुळे कोणी आपणहून बोलावून देत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे ती मागावी लागते. हिमोफिलस जंतूची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरील एकत्रित लसीत येते, पण तिचा दीड वर्षाच्या सुमाराचा बूस्टरही सरकारी तक्त्यात नाही. तोही विचारावा, आणि दरवर्षी फ्लूची लसही. शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर न्यूमोकोकसच्या लसी तिच्या किमान २ आठवडे आधी पूर्ण झालेल्या असाव्यात.

त्यानंतर एक फाइल तयार करावी. त्या फाइलमध्ये इम्प्लांटचे ओळखपत्र, शस्त्रक्रियेची तारीख, डिस्चार्ज कार्ड, लसींचे कार्ड, पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली असल्यास तिची नोंद आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या सीटी स्कॅनचा अहवाल असावा. या अहवालातील एक ओळ फार महत्त्वाची असते: अंतर्कर्णाची रचना सामान्य आहे की जन्मतः वेगळी. रचना वेगळी असलेल्या मुलांमध्ये मेनिंजायटिसचा धोका अधिक असतो आणि उपचाराचा निर्णयही त्यावर बदलू शकतो. अनेक पालकांना ही ओळ माहीत नसते. पुढच्या भेटीत सर्जनना ती विचारून फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवावी.

आणखी एक साधे काम राहून जाते. मूल पूर्ण बरे असताना त्याच्या दोन्ही कानांचे मोबाइलवर फोटो काढावेत, एक समोरून, एक पाठीमागून आणि एक कानाची पाळी हलकेच पुढे करून. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांच्या कानामागे थोडा उंचवटा कायमच राहतो. ताप आलेल्या रात्री ‘ही सूज आजची की आधीची?’ या प्रश्नाचे उत्तर आठवणीपेक्षा फोटो चांगले देतो.

*पडताळा : लसींचे कार्ड आत्ता हातात घेऊन २३ प्रकारांच्या लसीची नोंद शोधावी. नोंद नसेल तर लस झालेली नाही असेच धरावे आणि डॉक्टरांना विचारावे.*

टप्पा २ : संशय कसा घ्यावा

इतर मुलांचे पालक कानाचा संसर्ग ‘ऐकू कमी येतेय’ यावरून ओळखतात. येथे ती खूण उपयोगाची नाही, कारण इम्प्लांटचा आवाज कानाच्या पडद्यातून आणि मध्यकर्णातून जातच नाही. प्रोसेसर, म्हणजे बाहेरचे मशीन, तो थेट कर्णशंखातील इलेक्ट्रोडकडे पाठवतो. मध्यकर्ण पुवाने भरला तरी मूल हाकेला ओ देऊ शकते. ‘बोलावले की बघतो, म्हणजे कान ठीक आहे’ हा निष्कर्ष म्हणून चुकतो.

पाहायच्या खुणा वेगळ्या आहेत: सर्दीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा चढलेला ताप, आडवे झाल्यावर वाढणारे रडणे, दूध किंवा घास गिळताना तोंड फिरवणे, रात्री वारंवार जाग येणे, कानातून पाणी किंवा पू येणे. त्यांत इम्प्लांटच्या मुलांची म्हणून एक खूण आहे. कॉइल, म्हणजे चुंबकाने डोक्याला चिकटणारी मशीनची चकती, एरवी घट्ट बसते आणि आज सारखी गळून पडते. त्वचेखाली सूज आली की आतल्या आणि बाहेरच्या चुंबकांमधील अंतर वाढते आणि पकड सुटते.

माझ्याकडे येणारी चार वर्षांची एक मुलगी एके सोमवारी सत्र सुरू झाल्यापासून दर मिनिटाला कॉइल काढत होती. आई म्हणाली, ‘‘दोन दिवस हट्टीपणा चाललाय, चुंबक बदलून द्या.’’ मी मुलीचे केस बाजूला केले. कानाची पाळी आणि डोके यांच्यामध्ये जी घडी असते ती उजव्या बाजूला स्पष्ट होती आणि डाव्या, इम्प्लांटच्या बाजूला जवळपास भरून आली होती. मागून पाहिल्यावर डावी पाळी थोडी पुढे ढकललेली दिसत होती. तेथे बोट टेकवताच ती कळवळली. चुंबक बदलला नाही. त्याच दुपारी तिला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात दाखल केले गेले. हाडातला संसर्ग शिरेतून दिलेल्या औषधाने आटोक्यात आला. कॉइल टिकत नाही म्हणून स्वतःच जास्त ताकदीचा चुंबक लावू नये, हे मी प्रत्येक पालकाला तेव्हापासून आवर्जून सांगते.

कॉइलच्या बरोबर खाली, तेवढ्याच गोलात त्वचा लाल दिसत असेल तर तो बहुधा चुंबकाचा दाब असतो; तेही दाखवायचेच, पण ती वेगळी गोष्ट आहे. लाली गोलाबाहेर पसरलेली असेल, त्वचा गरम लागत असेल किंवा कानामागची घडी भरली असेल तर संसर्ग समजावा.

घरी रोज जी सहा ध्वनींची तपासणी शिकवलेली असते (आ, ई, ऊ, म, श, स) ती या दिवशीही करावी. प्रतिसाद अचानक बदलला तर आधी बॅटरी, कॉइलची वायर आणि मायक्रोफोनचे झाकण तपासावे. तरीही बदल राहिला तर तो लिहून ठेवून डॉक्टरांना आणि ऑडिओलॉजिस्टला सांगावा.

> इशारा : पुढीलपैकी एकही खूण दिसल्यास पुढचे टप्पे वाचत बसू नये, १०८ ला फोन करावा किंवा थेट मोठे रुग्णालय गाठावे. मान ताठ होणे, वारंवार उलटी, उजेड सहन न होणे, गुंगी किंवा न ओळखणे, झटके, तान्ह्या बाळाची टाळू फुगणे, कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणे, रडताना तोंड एका बाजूला वाकडे होणे, चालताना नव्याने तोल जाणे. नाकाच्या एकाच बाजूने स्वच्छ पाण्यासारखा स्राव येत असेल आणि पुढे वाकल्यावर तो वाढत असेल, तर तेही त्याच दिवशी दाखवावे, कारण तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो.

टप्पा ३ : डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत

ताप मोजावा आणि वेळेसह लिहावा. त्यानंतर पॅरासिटामॉल द्यावे. येथे होणारी चूक मात्रेची नसून बाटलीची असते. बाजारात ५ मि.ली.मध्ये १२० किंवा १२५ मि.ग्रॅ. आणि ५ मि.ली.मध्ये २५० मि.ग्रॅ. अशी दोन्ही ताकदींची सिरप मिळतात, आणि लहान बाळांच्या थेंबांमध्ये तर १ मि.ली.मध्येच १०० मि.ग्रॅ. असतात. साधारण हिशेब दर किलो वजनाला एका वेळी १५ मि.ग्रॅ. असा आहे. १२ किलोच्या मुलाला १८० मि.ग्रॅ. लागतात, म्हणजे १२० च्या सिरपचे साडेसात मि.ली., पण २५० च्या सिरपचे केवळ ३.६ मि.ली. ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ हा हिशेब म्हणून धरू नये. बाटलीवरील आकडा प्रत्येक वेळी वाचावा. दोन मात्रांत ६ तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत. तीन महिन्यांखालील बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. ॲस्पिरिन कोणत्याही मुलाला देऊ नये. औषधाने ताप उतरला म्हणून डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलू नये.

कानात काहीही घालू नये. कोमट तेल, लसूण तळलेले तेल, कांद्याचा रस आणि घरात उरलेले जुने थेंब, सगळेच यात आले. आजीचा हेतू मायेचा असतो आणि तिच्याशी वाद घालण्याची ही वेळ नसते. तिला एवढेच सांगावे की पडद्याला छिद्र पडले असेल तर ते तेल आत जाईल, आणि आत तार आहे. काही जुन्या थेंबांमधील औषधे छिद्रातून आत गेल्यास अंतर्कर्णाला इजा करू शकतात. कानामागे गरम शेकही देऊ नये. कान वाहत असेल तर बाहेरचा भाग स्वच्छ सुती कापडाने टिपावा, बोळा किंवा काडी आत घालू नये.

मशीन काढून ठेवू नये. आजारी मूल आधीच घाबरलेले असते. त्यात आवाज बंद झाला तर दवाखान्यात आई काय सांगते, सुई कधी टोचणार, काहीच त्याला कळत नाही. कॉइलखालील त्वचा सुजलेली किंवा लाल असेल तेव्हाच कॉइल काढावी. दुसऱ्या कानात श्रवणयंत्र असेल आणि तो कान वाहत असेल, तर त्याचा कानात बसणारा साचा मात्र काढून स्वच्छ करावा आणि डॉक्टर सांगेपर्यंत घालू नये. दवाखान्यात जाताना जास्तीच्या बॅटऱ्या आणि मशीन कोरडे ठेवण्याचा डबा सोबत घ्यावा.

टप्पा ४ : डॉक्टरांसमोर काय सांगावे

महाराष्ट्रातील अनेक मुलांची शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात झालेली असते आणि घर दोन-चारशे किलोमीटरवर असते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतील इम्प्लांटच्या समन्वयाचे काम मुंबईतील अली यावर जंग ही श्रवणदोषांसाठीची संस्था पाहते; त्या योजनेतून इम्प्लांट मिळालेल्या मुलांच्या बाबतीत हे विशेष दिसते. अशा वेळी ‘आपल्या सर्जननाच दाखवू’ म्हणून दीड दिवस वाया घालवू नये. त्याच दिवशी जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जावे आणि तेथूनच सर्जनच्या पथकाला फोन जोडून द्यावा. गावातील डॉक्टरांनी इम्प्लांटचे मूल पूर्वी पाहिलेले नसणे शक्य आहे. त्यात त्यांचा दोष नाही, पण माहिती पुरवण्याची जबाबदारी त्यामुळे आपली होते.

तपासणीच्या खोलीत गेल्यावर पहिले वाक्य तापाचे नसावे. ते असे असावे: ‘‘याला डाव्या बाजूला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, शस्त्रक्रियेला इतके महिने झाले आहेत, अंतर्कर्णाची रचना अशी आहे, न्यूमोकोकसच्या या या लसी झाल्या आहेत.’’ ओळखपत्र टेबलावर ठेवावे आणि मग लक्षणे सांगावीत.

शस्त्रक्रियेपासूनचे दिवस येथे निर्णायक असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत मध्यकर्णाचा संसर्ग झाला, तर तोंडाने देण्याच्या औषधाऐवजी शिरेतून किंवा इंजेक्शनने प्रतिजैविक देण्याची शिफारस आहे. दोन महिन्यांनंतर, मूल फार आजारी नसेल आणि अंतर्कर्णाची रचना सामान्य असेल, तर तोंडाने औषध देऊन बारकाईने लक्ष ठेवता येते. त्यासाठी सहसा जास्त मात्रेत ॲमॉक्सिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट निवडले जाते. औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील. पालकांनी एवढेच विचारावे की दिलेली योजना इम्प्लांट लक्षात घेऊन आहे ना.

रडून रडून पडदा लाल होतोच. संसर्गाची खरी खूण फुगलेला पडदा ही आहे. म्हणून दुर्बिणीने कान पाहिला का आणि पडदा कसा दिसला, हे विचारून लिहून घ्यावे. पू येत असेल तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी त्याचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीसाठी, पाठवता येईल का, हेही विचारावे. इम्प्लांटच्या कानात पहिले औषध लागू पडले नाही तर हा अहवाल फार उपयोगी पडतो.

> इशारा : एमआरआय सुचवला गेल्यास सर्जनना विचारल्याशिवाय मुलाला त्या खोलीत नेऊ नये, कारण आत चुंबक आहे. बाहेरचे मशीन तर त्या खोलीत कधीच नेऊ नये. कोणतीही शस्त्रक्रिया ठरल्यास भूल देणाऱ्या आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना इम्प्लांटची माहिती द्यावी. डोके आणि मान या भागात मोनोपोलर कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवण्याचे एक प्रकारचे उपकरण) वापरता येत नाही.

टप्पा ५ : औषध पूर्ण देणे

प्रतिजैविकाचे कोरडे सिरप घरी पाणी घालून तयार करावे लागते. उकळून पूर्ण थंड केलेले पाणी थोडे घालून बाटली हलवावी, फेस बसू द्यावा, मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवावी. एकदम खुणेपर्यंत भरले तर पावडर तळाशी बसते, पाण्याची पातळी खाली जाते आणि औषध दाट राहते. तयार केलेली बाटली लेबलवर लिहिल्याप्रमाणे, बहुधा फ्रिजमध्ये, ठेवावी. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची तयार बाटली साधारण ७ दिवसांनंतर वापरू नये. मात्रा चमच्याने न देता सिरिंजने द्यावी.

किती बाटल्या लागतील, हा प्रश्न औषधाच्या दुकानात उभे असतानाच सोडवावा. समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ: १२ किलोच्या मुलाला दर किलोला दिवसाला ९० मि.ग्रॅ. ॲमॉक्सिसिलिन ठरले, तर दिवसाला १०८० मि.ग्रॅ. होतात. ज्या बाटलीवर ४५७ असा आकडा असतो, तिच्या ५ मि.ली.मध्ये ॲमॉक्सिसिलिन ४०० मि.ग्रॅ. असते, उरलेले ५७ मि.ग्रॅ. क्लॅव्ह्युलॅनेट. म्हणजे दिवसाला साडेतेरा मि.ली. लागतील आणि ३० मि.ली.ची बाटली जेमतेम दोन दिवस पुरेल. दहा दिवसांसाठी पाच बाटल्या लागतात. पालक एक बाटली नेतात, तिसऱ्या दिवशी ती संपते, तोवर ताप उतरलेला असतो आणि औषध तेथेच थांबते. संसर्ग उलटण्याचे माझ्या पाहण्यातील सर्वांत नेहमीचे कारण हे आहे. सगळ्या बाटल्या एकदम आणाव्यात, पण पाणी मात्र एकेकीत लागेल तेव्हाच घालावे.

औषध जेवणाच्या सुरुवातीला दिल्यास पोट कमी बिघडते. मात्रेनंतर लगेच उलटी झाली तर ती पुन्हा द्यायची का, हे डॉक्टरांना फोनवर विचारावे. वारंवार उलटी होऊन औषध पोटात राहतच नसेल तर वाट पाहू नये. इंजेक्शनची गरज आहे असे समजून पुन्हा दाखवावे.

टप्पा ६ : ४८ ते ७२ तासांची तपासणी

ही भेट पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी. ताप नसला तरी जावे. औषध सुरू होऊन ४८ तास झाल्यावरही ताप किंवा दुखणे कायम असेल तर औषध बदलणे किंवा रुग्णालयात दाखल करणे, याचा निर्णय तेव्हा होतो. तोवर दिवसातून दोनदा कानामागची घडी फोटोशी ताडून पाहावी.

येथे एक फसवी अवस्था येते. रात्रभर रडणारे मूल पहाटे शांत झोपते आणि उशीवर पिवळा डाग दिसतो. पडदा फुटून पू बाहेर आल्यामुळे दाब कमी झालेला असतो, म्हणून दुखणे थांबलेले असते. संसर्ग संपलेला नसतो. औषध तसेच चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

टप्पा ७ : बरे झाल्यानंतर

औषध संपल्यावर पुन्हा एकदा कान तपासून घ्यावा. पडद्यामागे काही आठवडे पाणी राहू शकते आणि ते अनेकदा आपोआप जाते. इम्प्लांटच्या ऐकण्यावर त्याचा परिणाम होत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तपासणीशिवाय ‘कान साफ झाला’ असे मानू नये. दुसऱ्या कानात श्रवणयंत्र असेल तर त्या कानाचे ऐकणे मात्र या पाण्याने नक्की कमी होते आणि उपचारांची प्रगती अडते.

ऑडिओलॉजिस्टकडे इलेक्ट्रोडची तपासणी करून घ्यावी. संसर्गाच्या काळात काही मुलांमध्ये इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) बदलतो, मॅप, म्हणजे मशीनमधील आवाजाची मांडणी, थोडा वेगळा लागतो. सहा ध्वनींचा प्रतिसाद पूर्ववत झाला नसेल तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता भेट मागावी.

संसर्ग वारंवार होत असेल तर सर्जन पडद्यात ग्रोमेट नावाची छोटी नळी बसवण्याचा किंवा नाकामागची वाढलेली ॲडिनॉइड ग्रंथी काढण्याचा पर्याय सुचवू शकतात. इम्प्लांट आहे म्हणून हे करता येत नाही, असा समज पालकांमध्ये आहे. तो खरा नाही. घरातले काम साधे आहे: बाळाला आडवे ठेवून बाटलीने दूध पाजू नये, घरात कोणी विडी-सिगारेट ओढू नये, मूल झोपते त्या बंद खोलीत धूप किंवा डासांची उदबत्ती जाळू नये, आणि पाळणाघर निवडताना कमी मुलांचे निवडावे.

शेवटी फाइलमध्ये एक ओळ वाढवावी: कोणत्या तारखेला, कोणत्या कानाला, काय दिसले, कोणते औषध किती दिवस दिले आणि कल्चरचा अहवाल काय आला. पुढच्या वेळी रात्री अकरा वाजता जे डॉक्टर समोर असतील, ते आपल्या मुलाला कदाचित प्रथमच पाहत असतील.